दिसतं तेवढंच काढायचं

भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. स्थिरचित्राच्या तासाला टेबलावर स्टीलचा पेला, दोन मोसंब्या आणि मागे घडी पडलेलं एखादं कापड ठेवतो. पोरं लगेच कामाला लागतात आणि बहुतेकांचा पेला खालून सुरीने कापल्यासारखा सरळ येतो. पेल्याचं बूड सपाट असतं हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते सरळ रेघ मारतात. डोळ्यांना मात्र तिथे बाक दिसत असतो. मग मी नेहमीचं वाक्य म्हणतो, "माहीत आहे ते काढू नका. दिसतं तेवढंच काढा."

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराने हे वाक्य कुठल्या ना कुठल्या सरांकडून ऐकलेलं असतं. पण कागद बाजूला ठेवला की आपण सगळेच ते विसरतो. विशेषतः इतिहासाच्या बाबतीत.

आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक फोटो फिरत येतो. पिवळसर पांढऱ्या रंगाची, दागिन्यांनी मढलेली एक उभी स्त्री आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान दासी. खाली मजकूर असा, की इटलीत सापडलेली ही दोन हजार वर्षांपूर्वीची लक्ष्मी आपल्या भोकरदनची आहे, अभिमान असेल तर पुढे पाठवा. पोरं मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. "सर, हे खरं आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते द्यायला मला दोन तास लागतात आणि ते दोन तास मी दरवर्षी आनंदाने खर्च करतो.

मूर्ती काय सांगते

आधी मूर्ती बघू. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे रोमन शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली तिथल्या एका घराचं उत्खनन चालू असताना ही हस्तिदंती मूर्ती मिळाली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उंची साधारण २४ सेंटिमीटर, म्हणजे दप्तरातल्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमीच.

एवढ्या गोष्टी नक्की. ७९ साली ती पॉम्पेईत होती, म्हणजे घडली त्याच्या आधी. घडली भारतात, कारण तिची केशरचना, दागिने, उभं राहण्याची ढब हे सगळं भारतीय शिल्पांमध्ये दिसतं. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि तेच नाव चिकटलं. पुढे अनेक अभ्यासकांचं मत पडलं की ही यक्षी असावी. आपल्याकडे सांची, भारहुतच्या शिल्पांत दिसणाऱ्या वृक्षाजवळच्या, भरल्या अंगाच्या यक्षी तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. तिच्या डोक्यापासून खाली एक छिद्र पाडलेलं आहे. त्यामुळे ती देवघरातली मूर्ती नसून एखाद्या आरशाची मूठ किंवा छोट्या आसनाचा पाय असावा असा अंदाज आहे. ज्या वस्तूला आपण हात जोडायला निघालो, ती कदाचित कुणाच्या शृंगाराच्या सामानातली होती.

अंगावर दागिने भरपूर आणि कपडा जवळजवळ नाही, त्यामुळे आठवीच्या वर्गात हा फोटो पडद्यावर टाकला की आधी खुसखुस होते. मी ती होऊ देतो. मग एकेक भाग मोठा करून दाखवतो. पाठीवर सोडलेली वेणी, हातातल्या कोपराकडे चढत जाणाऱ्या बांगड्या, पायातले थराथराचे वाळे. दासींच्या हातात प्रसाधनाची भांडी आहेत. पाच मिनिटांत हसणं थांबतं आणि पेन्सिली चालू लागतात. एका वर्षी तांड्यावरून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, हिच्या बांगड्या आमच्या आजीसारख्या हैत." वर्ग एकदम गप्प झाला आणि सगळे पुन्हा फोटोकडे बघायला लागले. सारखं दिसणं म्हणजे नातं असणं नव्हे, हे मी त्यांना सांगितलंच. पण त्या मुलीने जे पाहिलं ते नीट पाहिलं होतं. हातभर बांगड्या तिने घरात बघितल्या होत्या, म्हणून तिला त्या हस्तिदंतातही दिसल्या.

भोकरदनचा दावा

आता भोकरदनकडे येऊ. केळणा नदीकाठच्या आमच्या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुत या स्तूपांच्या बांधकामासाठी ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं आणि गावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. त्यात भोगवर्धनाहून आलेले दाते आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात अशी माणसं राहत होती, ज्यांच्याकडे दान करण्याइतका पैसा होता आणि ज्यांना शेकडो मैलांवरच्या स्तूपावर आपल्या गावाचं नाव असावंसं वाटलं. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर भोगवर्धन होतं, असं अभ्यासक मानतात.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोघांनी त्याचा अहवाल लिहिला, तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातल्या वस्तीचे थर उघडे पडले. नाणी, मणी, बांगड्या, मृण्मूर्ती असं बरंच काही मिळालं. आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली, तुटलेली, पण पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य असलेली. तशाच धर्तीची आणखी एक हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालेली आहे.

त्याच काळातला एक ग्रीक मजकूर याला जोड देतो. 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाणारी ती एका व्यापाऱ्याची माहितीपुस्तिका आहे, पहिल्या शतकातली. तिच्यात पैठण आणि तगर म्हणजे तेर यांची नावं आहेत. दख्खनमधून गाड्या भरून माल बरीगाझाला, म्हणजे आजच्या भरूचला जात होता, पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर होतं आणि भरूचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंतही होता. सगळे धागे जुळत जातात. भोकरदन, तेर, भरूच, मग समुद्र आणि शेवटी पॉम्पेईतलं घर. काही अभ्यासकांनी याच आधारावर पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या बाजूला घडली असावी असं म्हटलं आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने हवेतून काही काढलेलं नाही.

पण पेल्याचं बूड इथेच येतं. मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधार भागातली लिपी. आपल्याकडच्या लेण्यांमधले त्या काळातले लेख ब्राह्मीत आहेत. मग हे अक्षर तिथे कसं आलं? मूर्ती वायव्येला घडली असेल? की दख्खनमध्ये घडून पुढच्या प्रवासात कुणी व्यापाऱ्याने किंवा जोडकाम करणाऱ्या कारागिराने खूण केली असेल? की वायव्येकडचा एखादा कारागीरच पोटासाठी इकडे आला असेल? अफगाणिस्तानातल्या बेग्राम इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना १९३७ नंतरच्या काही वर्षांत शेकडो भारतीय हस्तिदंती तुकडे मिळाले. त्यावरून त्या दिशेलाही हा माल जात होता हे कळतं. शिवाय एखादी मूर्ती भोकरदनला सापडली, एवढ्यावरून ती भोकरदनला घडली असंही ठरत नाही. पॉम्पेईतली मूर्ती पॉम्पेईत थोडीच घडली होती!

हे सगळं फळ्यावर मांडून झालं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच. "म्हणजे सर, आपली नाही?"

अभिमानाची भूक

त्या प्रश्नातली निराशा मला कळते. परीक्षेच्या स्मरणचित्रात आमची पोरं दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि नारळाची झाडं काढतात. जालना जिल्ह्यात कापूस आहे, मोसंबीच्या बागा आहेत, मार्केट यार्डातली गर्दी आहे, स्टीलच्या कारखान्यांचा धूर आहे. ते सहसा कागदावर येत नाही. चित्रात काढण्याजोगं जे असतं ते दुसरीकडे असतं, हे त्यांच्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं आहे. कला मुंबईत होते, कॉलेज पुण्यात असतं आणि आपल्याकडे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून ग्रेडची परीक्षा असते. गणिताचा पोर्शन राहिला की चित्रकलेचा तास गणिताला जातो. अशा पोराला कुणी सांगितलं की तुझ्या गावची मूर्ती इटलीच्या संग्रहालयात आहे, तर त्याला ते खरं असायला हवंच असतं.

म्हणूनच मला खोटा होकार द्यायचा नसतो. उद्या एखादा लेख वाचून त्याला कळलं की खरोष्ठी अक्षराची गोष्ट आपल्यापासून लपवली होती, तर मूर्तीही जाईल आणि गावाचा अभिमानही जाईल. त्याऐवजी जे नक्की आहे ते मी त्याच्या हातात देतो आणि ते काही थोडं नाही. भोगवर्धनाचं नाव सांचीत आहे. सातवाहन काळातलं समृद्ध गाव तुझ्या पायाखाली आहे. इथल्या लोकांच्या वापरात उत्तम हस्तिदंती काम होतं. जगाशी त्यांचा व्यवहार होता. आणि पॉम्पेईच्या मूर्तीचं कोडं सोडवायला बसलेल्या कुठल्याही देशातल्या माणसाला भोकरदनचं नाव घ्यावंच लागतं.

सांचीच्या दक्षिण तोरणावर आणखी एक लेख आहे, तो मला फार आवडतो. त्यात असं नोंदवलं आहे, की इथलं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. हस्तिदंतावर बोटभर आकृती कोरणाऱ्यांनी दगडाच्या तोरणावर हात चालवला. सांचीच्या त्या तोरणावरचं बारीक, गच्च भरलेलं काम बघा, म्हणजे लहान वस्तूवर बसलेला हात लगेच ओळखू येतो. संकल्पचित्राच्या तासाला पोरं विचारतात की सर, नवीन काय काढू? मी त्यांना हे तोरण दाखवतो. नवीन सुचणं म्हणजे आकाशातून काही पडणं नसतं. एका कामात तयार झालेला हात दुसऱ्या कामाला लावणं हेही नवीनच असतं. मेंदी काढणारी मुलगी अक्षरलेखनात पुढे जाते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं रंगवणाऱ्या पेंटरचा पोरगा रंगाची सपाट बैठक सहज साधतो, हे मी वर्गात बघतोच की.

वस्तू कुठे ठेवायच्या

मग संग्रहालयाचा विषय निघतो. भोकरदनच्या उत्खननातल्या वस्तू छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १९७१ मध्ये र. शं. गुप्ते यांनीच उभं केलं. आमच्या सहलीत मात्र वेरूळ असतं, बीबी का मकबरा असतो, देवगिरी असतो, वाटेत जेवण असतं. संग्रहालय धरलं तर ते अर्ध्या तासात उरकायचं असतं. पोरं काचेच्या कपाटांसमोरून पळत जातात आणि शेवटी बंदूक किंवा तलवार दिसली की थांबतात. यात त्यांचा दोष नाही. तीनशे वस्तू एकदम दाखवल्या तर मोठं माणूसही पळेल.

मी एक साधी पद्धत धरली आहे. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर वीस मिनिटं बसायचं आणि पेन्सिलीने काढायची. पहिल्या पाच मिनिटांत चुळबुळ होते. दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "सर, याच्यावर बोटाचा ठसा आहे." मातीच्या मूर्तीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं बोट उमटलेलं असू शकतं. ते पळताना दिसत नाही, चित्र काढताना दिसतं.

पोरं विचारतात, आपल्या वस्तू आपल्या गावात का नाहीत? प्रश्न रास्त आहे. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून गावातच संग्रहालय उभं राहिलं, आज ते शासनाचं आहे आणि त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून असंच घडलं. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. आपल्याकडची काही चांगली संग्रहालयं एकेका माणसाच्या हट्टातून उभी राहिली आहेत, हे पोरांना सांगायला मला आवडतं.

पण नुसतं जवळ ठेवलं की वस्तू टिकते असंही नाही, आणि लांब पाठवली की सुरक्षित असंही नाही. आमच्या शेजारच्या अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून अनेक वर्षं खपून तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्या इंग्लंडला गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन येऊ लागले. वर्षामागून वर्षं त्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. बेग्रामचे कित्येक हस्तिदंती तुकडे १९९०च्या दशकातल्या यादवीत काबूलच्या संग्रहालयातून लुटले गेले, त्यांतले वीस २०१२ मध्ये परत आले.

ग्रिफिथ्सबरोबर गेलेल्या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामवंत चित्रकार झाले. कागद आणि कॅनव्हास जळाले. अंधाऱ्या लेण्यात बसून महिनोन्‌महिने रेषेमागे रेषा बघितलेले डोळे शाबूत राहिले. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला त्यात दिलासा वाटतो. वस्तू राखणं माझ्या हातात फारसं नाही. बघणारे डोळे तयार करणं थोडंफार आहे.

शेतातलं खापर

त्याचा उपयोग कुठे होतो? नांगरट झाली, पहिला पाऊस पडला की जुन्या वस्तीच्या शेतात खापरं आणि मणी वर येतात. पोरं खिशात घालून आणतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथल्या राम मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली, पोलिसांनी शोध घेतला आणि ऑक्टोबरमध्ये मूर्ती मिळाल्या. देवळातल्या मूर्तीचं रूप गावाला पाठ असतं, त्यामुळे ती नसल्याचं लगेच कळतं. शेतातल्या खापराला चेहरा नसतो. ते बांधकामाच्या भरावात गेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून मी पोरांना तीन गोष्टी शिकवल्या आहेत. वस्तू दिसली की उचलण्याआधी, आहे त्या जागी फोटो काढायचा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. शेत कुणाचं, बांध कुठला, हे वहीत लिहायचं, कारण जागा सुटली की वस्तूची निम्मी माहिती जाते. आणि मूर्ती, नाणी किंवा दागिने मिळाले तर विकायचे नाहीत, घरात ठेवायचे नाहीत, मोठ्यांना घेऊन तहसील कार्यालयात कळवायचं. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असा १८७८ चा कायदा आहे. दहा रुपये ऐकून पोरं हसतात, पण कायदा लक्षात राहतो.

खापराचं चित्र काढून झालं की खाली एक पाटी लिहायची असते, संग्रहालयात असते तशी. तिचे तीन भाग. काय दिसतं, काय वाटतं, काय माहीत नाही. गेल्या वर्षी सातवीतल्या एकाने लिहिलं होतं: 'दिसतं – लाल खापर, कड जाड, आतून काळं. वाटतं – मोठ्या मडक्याचं असेल. माहीत नाही – त्या मडक्यात काय ठेवायचे.' मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. पॉम्पेईच्या मूर्तीची पाटीही आम्ही वर्गात अशीच लिहिली आहे. 'वाटतं' या भागात भोकरदन आहे आणि 'माहीत नाही' या भागात ती घडवणाऱ्याचं नाव.

पुढच्या वेळी तो फोटो तुमच्या ग्रुपवर आला, तर पुढे पाठवण्याआधी बोटांनी मोठा करून बघा. तिच्या पाठीवरची वेणी बघा, बांगड्या मोजा. आणि संभाजीनगरला गेलात, तर विद्यापीठाच्या आवारात जाऊन भोकरदनच्या मातीतून निघालेली एक वस्तू निवडा आणि तिच्यासमोर वीस मिनिटं थांबा. पेन्सिल जवळ असू द्या.